मुदत नसलेला मंत्र

रविवारी दुपारचे तीन तास मी माणसांत असते. दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत वैद्य, एक बसचालक, एक शिंपीणबाई आणि मी असे आम्ही चौघं फासे टाकून गोष्ट खेळतो. वैद्य गोष्ट चालवतात, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, दऱ्या ओलांडतात, राक्षस मारतात. त्या रविवारी मी स्वतः रचलेला मंत्र घेऊन गेले होते. हाक मारली की एक सेवक प्रकट होतो आणि सांगाल ते करतो. आठवडाभर खपले होते त्यावर, आणि मला भारी कौतुक होतं त्याचं.

"वापरून बघू," वैद्य म्हणाले.

बघितलं. दाराला कुलूप? सेवकाला हाक. ओझं उचलायचंय? सेवक. जखम धुवायची, पहारा द्यायचा, चूल पेटवायची, सगळ्याला सेवक. अर्ध्या तासात बसचालक खुर्चीत आडवा झाला आणि शिंपीणबाईंनी मोबाइल काढला. फासा कुणी हातातसुद्धा घेईना.

"अहो, खेळा की!" मी चिडले.

"कशाला? तुझा गडी आहे ना," चालक जांभई देत म्हणाला.

वैद्यांनी माझा कागद पुढे ओढला. "मुदत कुठाय? प्रत्येक मंत्राला असते. दहा मिनिटं, तासभर, दिवस मावळेपर्यंत. हा जातो कधी?"

खरं सांगते, तो कधी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि बोलावणाऱ्याला तोशीस? शून्य. अगं, सेवक ताकदवान आहे ही अडचण नाही. तो असला की बाकीचे उठत नाहीत. दुरुस्त करून आण."

घरी निघाले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. पर्समध्ये परगावच्या छापखान्याचं पत्र होतं. मुद्रितं तपासायची नोकरी, राहायला खोली, सोमवारपर्यंत कळवा. चार दिवस मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. कुणाला दाखवणार? गल्लीचं वळण आलं की माझा श्वास आपोआप आखूड होतो.

बाबांची डावी बाजू सहा वर्षांपूर्वी गेली. उशाशी पितळी घंटा असते. दादा दिवसभर घरात असतो, पण मी बाहेर गेले की बाबा ती वाजवतच नाहीत. सगळं माझ्यासाठी साठवून ठेवतात. चपला काढतेय तोवर घंटा वाजली.

मी टेबलाशी बसले, मंत्राचा कागद पसरला. 'मुदत' असं लिहिलं, पुढे काही सुचेना. पुन्हा घंटा. पाय आपसूक उठायला लागले, म्हणून मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. तहान लागली असेल त्यांना, कसली मेली मी मुलगी! तिसरी घंटा. पलीकडे दादानं टीव्हीचा आवाज वाढवला.

चौथ्या घंटेला तो दारात आला. "कानात बोळे घातलेस का? बाबा बोलावतायत."

"ऐकलं. तू जा."

तो बघतच राहिला. मग गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "पाणी कशातून देतेस त्यांना?"

"नळीच्या भांड्यातून. उशाशीच आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे विचारलं होतं. मला रडू आलं आणि त्याचा भयंकर रागही आला.

आत गेले तर बाबांची कॉलर भिजलेली, दादा भांडं धरून अवघडून उभा.

"कुठं होतीस?" बाबा म्हणाले.

"बाहेरच्या खोलीतच होते." मग एका दमात सांगून टाकलं, "बाबा, मला परगावी नोकरी लागलीय. मी जाणार आहे."

त्यांनी चांगल्या हातानं घंटा घट्ट धरली.

"मग मी हाक कुणाला मारू?"

"दादाला."

"त्याला ऐकू येत नाही गं."

"येतं बाबा," मी त्यांची कॉलर पुसत म्हणाले. "आज चौथ्या घंटेला आला."