रश्शाची गोडी

बायको नीट जेवत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सोनाजीचं डोकंच फिरलं. आठवड्यातून दोनदा फुलंब्रीहून बानाबाईला डायलिसिससाठी शहरात आणायचं काम तो बिनबोभाट करत होता. वर हे ऐकून घ्यायचं?

"काका, मशीन रक्तातली घाण काढतं, पण त्याच्याबरोबर अमिनो आम्लंही वाहून जातात. खाल्लेल्या प्रोटीनचं सत्त्वच म्हणा. ते भरून निघालं नाही तर अंगातलं मांस झडतं. काकूंचे दंड बघा. त्यांना मटणाच्या फोडी द्या. रस्सा नको, त्यात पाणी न् मीठ."

"देतो की. सोता आणतो, तिच्यापुरतं. ताट धुतल्यावानी रिकामं करती, बाई."

बानाबाई पदराचं टोक चाळवत बसली.

परतीच्या बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर पेंगली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. याच हातांनी ती दोन्ही काखांत कोकरं धरून ओढा पार करायची. देवगाव रंगारीच्या शिवारात खतासाठी मेंढ्या बसवल्या की शेतकरी धान्य द्यायचा, कधी मटण शिजायचं. सोनाजी आणि त्याचे भाऊ गोल करून बसायचे, फोडी त्यांना जायच्या आणि बानाबाई तळाच्या रश्शात भाकर कुस्करायची. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "मला रश्शातच गोडी वाटती." एकदा तो अवचित पालात आला, तर ही बया कुणीतरी टाकलेली हाडाची नळी डोळे मिटून चोखत बसलेली. तो पोट धरून हसला होता. किती चांगले दिवस होते ते, असं त्याला वाटलं.

घरी संध्याकाळी मटण शिजलं. एवढी खंगली तरी वाढण्याचं काम बानाबाईनं कुणाला दिलं नव्हतं. सोनाजीनं रश्शात भाकर बुडवली आणि बोटाला फोड लागली. मग दुसरी. मटण तर तिच्यापुरतंच आणलं होतं. कळप नुसत्या नजरेनं मोजणारा हा गडी, पण आपल्या वाटीत फोडी कुठून येतात हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्या जन्मभर अशाच येत आल्या होत्या.

"बाने, तुझ्या फोडी माझ्या वाटीत कशा?"

"खावा तुमी. मला नाय जात."

"बाईनं सांगितलं ते ऐकलं ना? मरायचंय का तुला?"

"आता या वयात तुमच्याआधी फोडी खात बसू? अन् तुमाला ठावं हाय, मला रश्शातच गोडी."

सोनाजीला ती नळी आठवली. आपण तेव्हा हसलो याची त्याला आता फार लाज वाटली. मटण तिलाही आवडत होतं, सगळ्यांइतकंच. त्याला मात्र ते कधी कळलं नव्हतं.

त्यानं वाटीतल्या सगळ्या फोडी उचलून तिच्या ताटात टाकल्या आणि उरलेल्या रश्शात भाकर कुस्करली.

"आधी तू खा. माझ्यासमोर."

"आन तुमी?"

"मला रश्शातच गोडी वाटती."

बानाबाई त्याच्याकडे बघत राहिली. थाप तिच्या ओळखीची होती. मग तिनं एक फोड तोंडात घातली आणि चावता चावता डोळे मिटले.