अंजनी मॅडमचा कीबोर्ड

धम्मदीपने विनीतला तीन मेल टाकल्या होत्या. अंबरनाथहून बदलापूरला. रिक्षा केली असती तर त्याच सकाळी विनीतच्या ओट्यावर बसून चहा प्यायला असता. पण नियमात मेल टाकायची असं लिहिलं होतं, आणि ही मंडळी नियमाला फार पक्की.

मंडळी म्हणजे हौसेने प्रोग्रॅम लिहून ते इंटरनेटवरच्या सामाईक कोठारात सगळ्यांसाठी फुकट ठेवणारी. तिथल्या प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असे. २००७ साली या कोठाराची नवी आवृत्ती निघायची होती. वाली न उरलेली पॅकेजं काढून टाकायचं काम धम्मदीपने एमआयडीसीतली नोकरी करून अंगावर घेतलं होतं. बाकीची काढताना त्याला काही वाटलं नाही, विनीतच्या पॅकेजपाशी मात्र तो अडला.

ते पॅकेज म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी टाइपरायटरचा कीबोर्ड आणणारा प्रोग्रॅम. उल्हासनगरच्या टायपिंग क्लासात दोघं शेजारी बसायचे. अंजनी मॅडम पोरांच्या हातांवर नॅपकिन टाकायच्या, आणि तो उचलून बघणाऱ्याला पट्टी मिळायची. पुढे क्लासात कॉम्प्युटर आला आणि मॅडमचीच बोटं अक्षरं शोधत चाचपडायला लागली. विनीतला ते बघवेना. त्याने सगळी अक्षरं टाइपरायटरच्या जागी आणून बसवली. त्या दिवशी मॅडमनी स्वतःच्या हातांवर नॅपकिन टाकला, अख्खं पान टाइप केलं आणि सगळ्यांना खारी मागवली. फार सुखाचे दिवस होते ते.

नव्या आवृत्तीत तो कीबोर्ड चालत नव्हता. धम्मदीपला तो आपल्या नावावर घेता आला असता, पण विनीतचं नाव खोडणं त्याच्या जिवावर आलं. ‘सांभाळणारा उत्तर देत नाही’ असं काढण्याचं कारण त्याने लिहून ठेवलं. मग मुदतीच्या शेवटच्या रविवारी लॅपटॉप काखोटीला मारून त्याने एकदाचं बदलापुरात मांजर्लीला विनीतचं घर गाठलं.

“मेल बघत नाहीस काय रे?” दार उघडताच त्याने विनीतला झापलं.

विनीतने भिंतीकडे बोट केलं. छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ अजून होती. “दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर त्याच्यातच गेला. परत घ्यायचं मनच नाय झालं.”

“मग फोन तरी करायचास.”

“तू केलास?”

धम्मदीपने केला नव्हता. पुराच्या त्या आठवड्यातही तो घरी बसून कसली तरी पॅकेजं तपासत होता. शेवटी त्याने लॅपटॉप उघडला. “आज बसून दुरुस्त करू, यार. नायतर काढावा लागेल. मॅडमना काय सांगणार?”

विनीत बघतच राहिला. “तुला म्हाईत नाय? मॅडम दिवाळीनंतर गेल्या. स्मशानात मी तुझीच वाट बघत होतो.”

कुठल्या देशात कोणी कुठलं पॅकेज सोडलं, ते धम्मदीपला त्याच दिवशी कळायचं. ही बातमी तेवढी कळली नव्हती.

“सरक,” विनीत म्हणाला. “काढूनच टाकू. कारण मी लिहितो.”

लॅपटॉपवर जुनीच आवृत्ती होती, त्यामुळे कीबोर्ड चालत होता. विनीतने दोरीवरचा नॅपकिन ओढून हातांवर टाकला, धम्मदीपने लिहिलेलं कारण पुसलं आणि नवीन टाइप केलं. बोटं कुठेच अडली नाहीत.

‘ज्यांच्यासाठी केला होता, त्या आता नाहीत. सांभाळणारा हजर आहे.’

“एंटर तू दाब,” तो म्हणाला.

धम्मदीपने नॅपकिनखाली हात घातला आणि न बघता एंटर दाबलं.