ड्रागित्साचं चीज

"आजी, या रकान्यात तुमचं नाव हवं," फॉर्म तपासणारी यास्ना म्हणाली. "ही ड्रागित्सा कोण?"

"चीज तिचं आहे," शेमसा म्हणाली.

"मग त्यांना बोलवा ना. स्पर्धकाने स्वतः हजर राहायचं असतं."

"तिला तोफगोळा लागला, पाण्याच्या रांगेत. त्र्याण्णव साली. तेव्हापासून ती फारशी कुठे जात नाही."

यास्नाने नियमावली चाळली. त्यात तोफगोळ्याची तरतूद नव्हती.

बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होला पडलेल्या वेढ्याची आठवण म्हणून कुठल्याशा उत्सव समितीने 'वेढ्यातली चव' नावाची स्पर्धा ठेवली होती. शेजारच्या टेबलावर एका हॉटेलच्या आचाऱ्याने उपासमारीचं रानपाल्याचं सूप मांडलं होतं, वर मलईचा गुलाब. शेमसाला या जत्रेत यायची अजिबात हौस नव्हती. पण पदार्थ आणि करणारीचं नाव पुस्तकात छापणार होते. ड्रागित्साला मागे कोणी नव्हतं. कबरीवरची लाकडी पाटीसुद्धा पुढच्या हिवाळ्यात कोणीतरी चुलीत घातली. शेमसा त्या माणसाला दोष देत नव्हती. थंडीच तशी होती.

दुधाची पावडर, तेल, व्हिनेगर, लसणाची एक पाकळी. समोरच्या दारातली ड्रागित्सा मदतीतून आलेली आपल्या वाटणीची पावडर आणून द्यायची, चीज स्वतः लावून द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या पोरीला, सानेलाला घाल. मला मेलं दूध पचतच नाही."

युद्धाआधी ही बाई रोज सकाळी कपभर दूध पिऊन मिशी पुसायची. शेमसाने ते अकरा वर्षं पाहिलं होतं. तरी ती प्रत्येक वेळी "हो का? अरेरे," म्हणाली आणि पावडर घेतली. तिला कोणाचा राग यायचाच असेल, तर तो आधी स्वतःच्या त्या 'हो का?'पासून सुरू व्हायचा.

तिकडे तिघा परीक्षकांपुढे चीजच्या बश्या गेल्या होत्या. त्यांतला दारिस वेढा उठल्यावर जन्मलेला. त्याने एक चमचा जिभेवर घोळवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण वेढ्याचा फील येत नाही."

"बाळा, जेवून आलास का?" शेमसाने जागेवरूनच विचारलं.

"हो, म्हणजे नाश्ता..."

"मग कसा येईल?"

एवढ्यात यास्नाने मार्ग काढला. तिने ड्रागित्साचं नाव खोडून वर सुबक अक्षरात 'शेमसा' लिहिलं. "झालं, आजी. आता काही अडचण नाही."

शेमसाने आपला चौदा नंबरचा फॉर्म उचलला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि परीक्षकांच्या टेबलाशी गेली. पहिली बशी उचलून तिने चीज डब्यात खरवडलं. मग दुसरी.

"आजी, काय करताय?" दारिसने विचारलं.

"परत नेतेय. तिची पावडर एकदा फुकट घेतली. आता नाव पण घेऊ?"

"माझं उष्टं आहे ते."

"आम्ही चपला जाळून भाजी शिजवलीय. तुझ्या उष्ट्याला काय झालं?"

दारिसने बशी पुढे केली. चमच्याला थोडं चिकटलं होतं. तिने हात तसाच पुढे धरला. त्याने चमचा चाटून पुसून तिच्या हातात दिला. तिने तो बशीत ठेवला आणि डब्याचं झाकण दाबलं.

"चौदा नंबर," माइकवरून पुकारा झाला. कोणी उठलं नाही. "चौदा नंबर? ठीक आहे. गैरहजर."

शेमसा दोन पावलांवर उभी होती, डबा पोटाशी धरून. तिने हात वर केला नाही.