पाकातला कळप

साखर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिसऱ्या प्रहरी ऊन पिवळं होऊन उतरे, आणि उकळत्या पाकाच्या वाफेत माणसंसुद्धा तरंगल्यासारखी दिसत. धुळा तिथे पॅनमन होता. पॅन म्हणजे घराएवढं उंच लोखंडी भांडं. त्यात उसाचा पाक आटवायचा आणि साखरेचा दाणा नेमका कधी धरतो ते ओळखायचं, हे त्याचं काम. थेंबभर पाक काचेवर पसरून तो काच खिडकीकडे धरी. आधी काहीच नसे, नुसतं सोनेरी धुकं. मग कुठून तरी एक चमक येई, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळा माळ भरावा तशी काच भरून जाई. धुळा माणदेशातला धनगर. दिवस मावळताना बापाने शीळ घातली की मेंढरं अशीच टेकाडामागून उगवत. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण काचेवर आपल्याला मेंढरं दिसतात हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा पुण्याहून देवस्थळी नावाचे इंजिनिअर एक यंत्र घेऊन आले होते. पॅनच्या पोटात धातूची एक कांडी बसवायची. तिच्यातून पाकात वीज जाई. पाक घट्ट होईल तशी वीज मंदावे, आणि दाणा पुरता धरला की झडप आपोआप उघडून ताजा पाक आत सोडी. चाचणी पार पडली, तर साऱ्या पॅनांना मिळून एकच माणूस पुरणार होता, तोही शिकलेला. धुळाला मग खाली गव्हाणीवर जावं लागणार होतं, गाड्यांतल्या उसाच्या मोळ्या उपसून चरकाकडे जाणाऱ्या पट्ट्यावर टाकायला.

चाचणी फसली. झडप फार लवकर उघडली आणि नुकते कुठे धरू लागलेले कोवळे दाणे ताज्या पाकात विरून गेले.

शेजारच्या पॅनवरचा आप्पासो टाळ्या पिटत आला. "धुळाबा, पुण्याचं पैलवान चितपट! आता सायबाला एसटीत बसवून या, कराडापतूर!"

"गप रं," धुळा म्हणाला. पण त्यालाही बरं वाटलं होतं.

देवस्थळींनी तारा तपासल्या, यंत्राचं कपाट उघडून पाहिलं. दोष सापडेना. पॅन रिकामा झाल्यावर त्यांनी कांडी बाहेर काढली, ती फडक्यावर ठेवली आणि न जेवताच तिच्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "धुळाबा, दाणा धरतो तेव्हा तुम्हाला काय दिसतं हो?"

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. धुळा जरा लाजला. "हसू नगा सायेब. मेंढरं दिसत्यात. टेकाडामागनं येत्यात तशी."

देवस्थळी हसले नाहीत. "माझ्या यंत्राला डोळे नाहीत. ते आपलं चाचपडून बघतं. वाट किती जड झाली, एवढंच त्याला कळतं."

"म्हंजी बोटानं बघतंय."

"हो. बोटानंच."

धुळाने वाकून कांडीकडे पाहिलं. धातूवर पिवळट साल चढली होती, पाकाचीच वाटावी अशी. खंडेनवमीला कारखान्यात साऱ्या हत्यारांची पूजा झाली, तेव्हा ही कांडी पेटीत उघडी पडली होती. परमुलखातनं आलेली, तिला कोण पुसणार? म्हणून त्यानेच गावाकडच्या करडईच्या तेलात भंडारा कालवून तिला टोकापासून बुडापर्यंत माखलं होतं, मायेनं. करडईचं तेल वाळलं की रोगणासारखं चिकटून बसतं. घरी दिव्याच्या बुडाला अशीच साल धरायची. विजेला वाट कुठून मिळणार? यंत्राला वाटलं, पाकच घट्ट झाला.

कुणाला काही कळलं नसतं. संध्याकाळी पेटी बांधली गेली असती, आणि पॅन त्याचाच राहिला असता.

तो वाफेकडे बघत उभा राहिला. आंधळी बोटं पाकात चाचपडतायत, असं काहीसं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आपल्याला दिसतं ते खरंच तिथं असतं का? साऱ्या जगात दुसऱ्या कुणाला ते त्याच घडीला कळेल का?

"सायेब," तो म्हणाला, "हिला आंघूळ घालू या. माझा भंडारा बसलाय हिच्यावर."

चिंच आणि राखेने त्याने कांडी घासली. खालचा धातू चांदीसारखा उजळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाक भरला. ऊन पिवळं झालं. धुळाने काच खिडकीकडे धरली. धुकं. मग एक चमक, तिच्यामागे दुसरी. माळ भरला. "आलं," तो पुटपुटला, आणि त्याच श्वासात मागे झडप फुसफुसली.

त्याने नवा थेंब घेऊन काच पुन्हा उन्हात धरली. दाणे विरले नाहीत, वाढत राहिले.

"आवं, काय केलंसा ह्ये!" आप्पासो ओरडला. "सोताच्या हातानं खाली निघालासा की!"

"व्हय," धुळा म्हणाला. "पर त्येलाबी दिसतंय, गड्या."

पुढच्या आठवड्यात तो गव्हाणीवर गेला. मोळ्या जड होत्या, पाचट मानेत घुसे, आणि वरून येणारा गोड वास त्याला सोसत नसे. तिसऱ्या प्रहरी तो मोळी खांद्यावर तशीच धरून थांबे, आणि पाक चाचपावा तसा अंगठा बोटावर हलकेच फिरे.

"आता धरला असंल," तो म्हणे.

"काय धरलं?" गाडीवान खेकसे. "आवं, बैलं तटल्यात माझी! टाका की मोळी!"

"टाकतो रं बाबा," म्हणून धुळा मोळी टाकी.