कार्डाला वारं लागू नये म्हणून

तो शनिवार अगदी साधा होता. सप्टेंबर संपत आला होता, सर्बियातल्या आमच्या चाचाक गावात प्रत्येक अंगणात आयवारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या चटणीसाठी, लाल मिरच्या भाजत होत्या, आणि त्या धुरातून वाट काढत बाबा आणि मी एका गॅरेजकडे निघालो होतो. जुनं ग्राफिक्स कार्ड बघायला.

माझा बाबा, वितोमिर, हा निवृत्त ट्रकड्रायव्हर. डोळ्यांमुळे त्याचं लायसन्स गेलं तेव्हा मी त्याला माझा जुना कॉम्प्युटर दिला, आणि तो त्याच्यावर एका खेळात ट्रक चालवायला लागला. दर शनिवारी संध्याकाळी त्याच्यासारखे तीसेक म्हातारे आपापल्या घरी हेडफोन लावून बसत आणि त्या खेळात ताफा करून इटलीत त्रिएस्तेला माल नेत. पुढे कायम बाबा. पण मागच्या शनिवारी ऐन सीमेवर त्याचा स्क्रीन अडकला, ट्रक रस्त्यात आडवा राहिला आणि मागचे सगळे एकमेकांवर चढले. खऱ्या रस्त्यावर आयुष्यात कुणाला ओरखडा न काढलेला माणूस हा. त्याचा जुना सोबती स्तोयान सगळ्यांच्या देखत म्हणाला, "वितो, परत असं झालं तर पुढे मी. तू मागून कोंबड्यांच्या गाडीबरोबर ये."

आठवडाभर बाबा नीट जेवला नव्हता. म्हणून मी बेलग्रेडहून आले होते.

मी पुस्तकांचं संपादन करते. स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या त्या कार्डातलं मला काही कळत नव्हतं, पण वाचायची सवय आहे, म्हणून वाचलं. निष्कर्ष एवढाच निघाला की त्याच्या पेन्शनीत बसणारं, आठ जीबीचं, वापरलेलं कार्ड घ्यायचं. आणि कुणी ते तळघरात रात्रंदिवस क्रिप्टोची नाणी काढायला जुंपलेलं नाही ना, एवढं बघायचं.

गॅरेजवाला नेनाद तिशीतला होता. त्याने आधी आम्हाला बसवलं, पेल्यांत घरची राकिया ओतली, मग फडक्यात गुंडाळलेलं कार्ड पुढे ठेवलं.

"कुणी वापरलंय?" बाबाने विचारलं.

"माझ्या आत्याने, काका. पत्ते खेळायची. तेही रविवारचीच."

"पत्त्यांना आठ जीबी लागतात?" मी म्हटलं.

"नजर अधू आहे हो तिची. मोठे पत्ते लागतात."

बाबाने कार्ड नाकाशी नेऊन हुंगलं. पंख्याचं पातं बोटाने फिरवून कान लावला. "हे चढावर राबलंय," तो म्हणाला.

"पोरांची शपथ, काका."

"पोरं आहेत तुला?"

"होतील की."

त्याच्या मागच्या फळीवर अशीच आणखी डझनभर कार्डं रांगेत लावली होती. मी तिकडे बोट दाखवलं. "ही पण आत्याचीच?"

"आत्याला मैत्रिणी आहेत," नेनाद म्हणाला.

बाबाला तो पोरगा आवडला. खोटं बोलत होता, पण मेहनत घेऊन बोलत होता. घासाघीस झाली, कार्ड घेतलं, वर आयवाराची एक बरणी मिळाली. घरी येऊन चाखल्यावर आत्या नक्की आहे एवढं तरी पटलं.

कार्ड बसवलं. पहिली पाच मिनिटं ट्रक लोण्यासारखा चालला. आरशात झाडं दिसायला लागली. आजवर बाबाच्या आरशात नुसता हिरवा चिखल असायचा. मग पंखा किंचाळायला लागला आणि स्क्रीन काळा झाला. तापमान नव्वदच्या वर.

"व्होल्टेज कमी करू," मी म्हटलं. "कारखान्यात सगळ्या कार्डांना गरजेपेक्षा जरा जास्तच वीज ठरवून देतात. आपल्याला कितीत भागतं ते हळूहळू उतरवत शोधायचं."

"म्हणजे खायला कमी द्यायचं?"

"थोडं."

"आणि काम तेवढंच घ्यायचं?"

"हो."

"आमचा मालक असंच करायचा," बाबा म्हणाला. "घे करून. चालतं ते."

मी उतरवत गेले. एका टप्प्यावर स्क्रीनवर रंगीत ठिपके नाचले, तेव्हा एक पायरी वर आले. मग नुसत्या चाचणीवर कार्ड चालवून पाहिलं. ठिपके नाहीत, अडकणं नाही, पण तापमान होतं तिथेच. मी पुन्हा वाचायला बसले. बाबा शेजारी कॉफी पीत होता, जरा जास्तच शांतपणे. शेवटी मी गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे पाहिलं. जाळीत त्याचा जाड लोकरी मोजा कोंबलेला होता. पुढच्या जाळीवर स्वयंपाकघरातलं फडकं, चिकटपट्टीने नीट लावलेलं.

"बाबा, हे काय?"

"मोजा."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"अगं, पुढून वारं आत येतं, मागून बाहेर जातं. आरपार. त्यात बसून कोण टिकेल?"

"ते यंत्र आहे."

"एंजिनही यंत्रच असतं. हिवाळ्यात आम्ही त्याच्या तोंडावर घोंगडी बांधायचो."

"हे थंडीने नाही मरत, उकडून मरतंय."

"वारं लागलेला माणूसही आधी तापतोच, दिव्ना."

आरपारचं वारं माणसाला मारतं, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. खरं सांगायचं तर समोरासमोरच्या दोन खिडक्या मीही बेलग्रेडला एकदम उघडत नाही. वाचन वेगळं, वारं वेगळं.

तह झाला तो असा. मोजा आणि फडकं निघालं. डबा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेला, म्हणजे त्याचा वारा बाबाच्या कमरेला लागणार नाही. तरीही बाबाने लोकरी पट्टा बांधलाच. व्होल्टेज उतरवलेलं असल्यामुळे पंखा मंद ठेवता आला. तापमान एकाहत्तरवर येऊन थांबलं. बाबाने जाळीमागे तळहात धरून पाहिला.

"कोमट आहे. चालेल. पण रात्री मोजा घालीन."

"रात्री बंदच असतं ते."

"मग तर घालायलाच हवा."

संध्याकाळी तो ताफ्याच्या पुढे बसला. मी शेजारी ताटात पाव आणि आयवार घेऊन. सीमा आली, गेली. हेडफोनमधून स्तोयानचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वितो, नवीन गाडी घेतलीस की काय?"

"नाही रे. खाणं कमी केलं."

त्रिएस्तेला त्याने एका दमात उलटा घेऊन ट्रक लावला. हेडफोन काढून माझ्याकडे वळला. "किती?"

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

तो खूश झाला. आमच्या घरात यापलीकडे कोणी काही बोलत नाही. जेवलास का, गळपट्टा घे, पोचल्यावर फोन कर, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी केली आणि तो उठला नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. शेजारणी कुजबुजत विचारत होत्या, खिडकी उघडी राहिली होती का. नव्हती. दोन्ही बंद होत्या. मी स्वतः पाहिलं होतं.

घर आवरायला परत आले तेव्हा ऑक्टोबर होता. शनिवारी दुपारी स्तोयानचा फोन आला.

"पुढची जागा रिकामी ठेवलीय आम्ही."

"तुम्हालाच हवी होती ना, काका?"

"तो असताना हवी होती. तू ये."

"मला चालवता येत नाही."

"आम्हाला तरी कुठे दिसतंय. ये."

मी त्याच्या खुर्चीत बसले. पहिल्याच वळणावर एक दिव्याचा खांब गेला.

"पोरी, तो खांब होता," कोणीतरी म्हणालं.

"होता ना," स्तोयान म्हणाला. "आता नाहीये. पुढे हो, दिव्ना. डावीकडचा आरसा बघ. तो नाही, तो वायपर."

झाग्रेबच्या आधी मी कुणाच्या तरी शेतातून गेले. तीस ट्रक निमूटपणे माझ्यामागे शेतात उतरले. "रस्ता नवीन काढलाय काय?" मागून कोंबड्यांच्या गाडीवाल्याने विचारलं, आणि सगळे हसत असताना मीही हसले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसू थांबलं आणि मला ट्रक पुढे नेता येईना. कार्ड ठीक होतं. रस्ता समोर मोकळा होता. मी कडेला घेऊन थांबले, आणि माझ्यामागे एकेक करून सगळे थांबले.

"काय झालं गं?" स्तोयानने विचारलं. "अडकलं का?"

"नाही."

ते वाट बघत राहिले. कोणी हॉर्न वाजवला नाही.

"बाबा," मी म्हटलं, माईक चालूच होता, "माझा तुझ्यावर फार जीव आहे."