नवरीच्या भूमिकेसाठी पेन्का

पेन्का दोब्रेवा आमच्या नाट्यगृहाच्या कोरसमध्ये पंचवीस वर्षं गात होती. मी तिथली पियानोवाली. तालमींना वाजवायचं, ऑडिशनला वाजवायचं, कुणी सुरातून घसरायला लागलं की हळूच एखादा स्वर दाबून आधार द्यायचा, हे माझं काम. पेन्काला तो आधार कधी द्यावा लागला नाही. उलट दमले की मीच तिच्या आवाजावर रेलायची.

त्या वर्षी ठरलं, की डॅन्यूबकाठच्या आमच्या शहरावरच एक संगीत नाटक करायचं. तंबाखूच्या वखारीत पानं निवडणाऱ्या बायकांचं आणि त्यांनी केलेल्या संपाचं. पेन्काची आई, माझी आजी, निम्म्या शहराच्या आया-आज्या त्याच वखारीत खोकत म्हाताऱ्या झाल्या होत्या. नाटकातली मोठी भूमिका वेलिकाची. पन्नास वर्षांची विधवा, मुलाला तुरुंगात नेल्यावर वखारीच्या दारात उभी राहून गाणारी. नाट्यगृहाच्या दारावर सूचना लागली : सर्व भूमिकांसाठी खुली ऑडिशन, कोणीही यावं, वयाची अट नाही.

पेन्का एक्कावन्नची होती.

कोरसच्या खोलीत आम्ही घरून आणलेला चीजचा खुसखुशीत बानित्सा खात होतो. हाताचं तूप पुसत ती म्हणाली, "नेवेना, ही मी करणार."

"कर की. दुसरं कोण करणार?"

"आजवर मी 'गावातल्या बायका' झाले, 'बाजारातल्या बायका' झाले, 'रडणाऱ्या बायका' झाले. एकदा तरी एकवचनातली बाई होऊ दे."

महिनाभर रोज तालीम संपल्यावर ती थांबायची आणि मी वाजवायची. घरी नवरा कुरकुरला तर म्हणाली, "सूप गरम करता येतं ना तुला? मग झालं."

दिग्दर्शक राजधानीहून, सोफियाहून आला होता. वेनेलिन त्याचं नाव. वय चोपन्न, केस रंगवलेले, आणि वर्तमानपत्रात त्याच्या नावामागे 'तरुण दमाचे'. त्याच्या शेजारी आमचे व्यवस्थापक स्तामेन, नेहमीसारखे घाम पुसत.

पेन्का गायली. दुसऱ्या कडव्यात वेलिका मुलाचं नाव घेते. त्या दिवशी आलेल्या बाकी सगळ्या जणी तिथे रडल्या होत्या. पेन्का रडली नाही. पोराला जेवायला हाक मारावी तसं तिने ते नाव घेतलं. माझं पान उलटायचं राहून गेलं, पुढचं मी आठवून वाजवलं.

"सुरेख," वेनेलिन म्हणाला. "खरंच सुरेख. पण बाई, एक अडचण आहे. तुम्ही वयस्क वाटता."

"वेलिका पन्नासची आहे."

"हो, पण रंगमंचावर पन्नास म्हणजे अगदीच पन्नास दिसून चालत नाही. लोकांना बघावीशी वाटेल अशी पन्नास हवी."

"म्हणजे कितीची?"

तो हसला. "तिशीतली."

मला वाटलं, गंमत करतोय. तो गंभीर होता. वर म्हणाला, "तुमच्यासाठी माझ्याकडे आजी आहे. पूर्ण नाटकभर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली. संवाद नाही, गाणं नाही, पण उपस्थिती फार ताकदीची. आणि हो, जी वेलिका करेल तिला तेवढं गाण्यातलं ते विलापाचं वळण शिकवा. तुमच्या भागातलं आहे ते. आम्हा सोफियावाल्यांच्या गळ्यात उतरत नाही."

पेन्काने कोट उचलला आणि बाहेर गेली. मला उठता येईना. पुढची मुलगी आत येऊन उभी होती.

संध्याकाळी कळलं, वेलिका रालित्साला मिळाली. रालित्सा आमच्याच नाट्यगृहातली, एकतीसची. आणि वेलिकाचा मुलगा होणार होता कालिन, जो एकोणतीसचा! दोन वर्षांची असताना बाळंतीण झाली म्हणायची. मी हे स्तामेनना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "नेवेनाबाई, ही कला आहे."

कोरसच्या खोलीत आले तर पेन्का खिडकीशी बसलेली. माझ्या पाठोपाठ रालित्सा दारात आली. डोळे सुजलेले.

"पेन्काताई, मी वेलिका मागितलीच नव्हती."

"मग?"

"मी नाटकातल्या नवरीसाठी गायले होते. एकोणीस वर्षांच्या देन्काच्या भूमिकेसाठी. ते म्हणाले, एकतीस म्हणजे नवरी म्हणून तू आता संपलीस, आई घे. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर काहीच मिळालं नसतं."

पेन्का खुर्ची सरकवून म्हणाली, "बस. म्हणजे तू नवरीला म्हातारी आणि मी आईला म्हातारी. या माणसाच्या हिशेबात बाई बरोबर वयाची असते तरी कधी गं?"

रालित्साला रडता रडता हसू आलं. मला नाही आलं.

"देन्काची ऑडिशन उद्या पण आहे ना?" पेन्काने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. वेण्या घातल्या नव्हत्या, गाल रंगवले नव्हते. रोजचाच तपकिरी कोट, रोजचाच अंबाडा. चेष्टा करायला आलेली बाई तशी दिसत नाही.

"नाव?" वर न बघता वेनेलिनने विचारलं.

"पेन्का दोब्रेवा. देन्कासाठी."

त्याने मान वर केली. "मस्करी करताय?"

"दारावर लिहिलंय, वयाची अट नाही. रालित्सा पन्नासची होऊ शकते, तर मी एकोणीसची होते. अभिनयच करायचाय ना?"

स्तामेन अर्धवट उठले. "पेन्का, घरी जा. लोक हसतील."

"हसू देत. तिकीट काढून हसले तर तुमचंच भलं."

वेनेलिन माझ्याकडे वळला. "तुम्ही वाजवू नका."

मी वाजवायला लागले. बोटंच चालू झाली.

देन्काचं गाणं लग्नाच्या आदल्या दिवसाचं. ती नदीवर हात धुते, वाळूने घासते, लिंबू चोळते, पण तंबाखूचा वास काही जात नाही, आणि उद्या त्याच हातात अंगठी घालायची आहे. पेन्काने आवाज बारीक केला नाही, लाडिक केला नाही. फक्त हलका ठेवला. मला तिथे एकोणीसची पोर दिसली का? खोटं कशाला बोलू, नाही दिसली. आपलं एकोणिसावं वर्ष लख्ख आठवणारी बाई दिसली. पण कालपासून तिथे गाऊन गेलेल्या एकाही पोरीच्या हाताला मला तंबाखूचा वास आला नव्हता. तो तिच्या हाताला आला.

गाणं संपलं.

"पुढची," वेनेलिन कोरड्या आवाजात म्हणाला.

दार उघडलं आणि कोरसमधली त्सोन्का आत आली. वय सत्तावन्न, गुडघे दुखतात, काठी टेकत चालते. "मी पण देन्कासाठी," ती म्हणाली. तिच्या मागे बाहेरच्या बाकावर कोरसच्या बाकी सगळ्या जणी बसलेल्या दिसत होत्या, मांडीवर पर्स घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या. आणि त्यांच्या शेवटी रालित्सा.

वेनेलिन ताडकन उठला. "हा अपमान आहे!"

"कुणाचा?" पेन्काने विचारलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने गळ्यातला रुमाल सावरला आणि निघून गेला. स्तामेनना मात्र जाता येईना, कारण सूचनेवर सही त्यांची होती. दुपारपर्यंत बसून त्यांनी सगळ्या जणींना ऐकलं. शेवटी शेवटी घाम पुसायचंही विसरले.

यानंतर पेन्काला वेलिका मिळाली, असं मला सांगायला आवडलं असतं. नाही मिळाली. नवरी सोफियाहून आणलेल्या एका मुलीला दिली. पेन्काला 'शिस्तभंगा'बद्दल लेखी समज मिळाली. रालित्सा भूमिका सोडायला निघाली होती. पेन्कानेच तिला थांबवलं : "तू सोडलीस तर तो पंचविशीतली आई आणेल. कर तू. चांगली कर."

"मग विलाप शिकवाल?"

"नाही शिकवणार. ते मला गायचं होतं."

रालित्सा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

खुर्चीतली आजी वेनेलिनने कोरसमधल्या एकेकीला देऊ केली. एकेकीने नाही म्हटलं. शेवटी प्रयोगात खुर्ची तशीच ठेवली, रिकामी. एका समीक्षकाने लिहिलं, की त्या रिकाम्या खुर्चीतून एक आख्खी पिढी बोलते. ही कल्पना आपल्या मनात पहिल्यापासून होती, असं वेनेलिनने मुलाखतीत सांगितलं. तो पेपर मी टराटरा फाडला.

शरद ऋतूत पेन्का बसने दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या नाट्यगृहात खानावळवालीची भूमिका निघाली होती, स्वतःची तीन गाणी असलेली. दिग्दर्शिका एक तरुण बाई. तिने एवढंच विचारलं, "कुठल्या पट्टीत?" आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, "सोमवारपासून तालीम."

पहिल्या प्रयोगाला मी आणि रालित्सा गेलो. पेन्काला तीनदा परत बोलावलं लोकांनी. तिचा नवरा पुढच्या रांगेत टाळ्या वाजवून वाजवून लाल झाला होता.

आता आमच्याकडे सगळे मला म्हणतात, शेवटी चांगलंच झालं की गं, कशाला अजून धुमसतेस? पेन्का स्वतःसुद्धा म्हणते. मी धुमसते, कारण ती गाणी तिने आमच्या शहरात गायली नाहीत. वेलिका आमची होती, वखार आमची, आणि जिच्या आईने तिथे पानं निवडली ती बाई आता दोन तास बसमध्ये बसून परक्या गावच्या नाटकातल्या खानावळीत गाते. स्तामेन परवा जिना उतरताना भेटले. "पेन्काचं नाव झालं म्हणे," म्हणाले, जसं काही त्यांनीच तिला पाठवलं. मी त्यांना वाट दिली नाही. जिन्याच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "मागे व्हा, मला वर जायचंय."