एप्रनला झालेली कावीळ

"बघा! डोळे उघडून बघा!" उजेडबाबांनी हात वर केला आणि दीडशे माना एकदम उंचावल्या.

व्यासपीठावर दोन मोठे स्क्रीन होते. डावीकडे एका टॅक्सीवाल्याचा मघाचा फोटो, पिकल्या लिंबासारखा पिवळाधमक. उजवीकडे दहा मिनिटांच्या 'किरणस्नाना'नंतरचा, गोरागोमटा. टॅक्सीवाल्याला रडूच फुटलं.

"पिवळ्या किरणांचा कचरा, मंडळी!" बाबा गरजले. "आणि डॉक्टर तपासतात काय, तर रक्त! अहो, नळ तुंबला तर छपराची कौलं उपसता का?"

सभागृह हसलं. दाराशी उभा असलेला फोटोवाला तेवढा हसला नाही. ते स्क्रीन त्यानेच निवडले होते, बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारे. स्क्रीनच्या काचेवर टेकवून रंग मोजायचं मुठीएवढं यंत्रही त्याच्याकडे होतं. आपल्या स्टुडिओत तो दर महिन्याला ते लावायचा, कारण माणसाचा डोळा भोळा असतो, पाच मिनिटांत पिवळ्यालाही पांढरं म्हणू लागतो. बाबांनी मात्र सांगितलं होतं, "डावा जरा पिवळट ठेव, उजवा निळसर. इथल्या दिव्यांना तेच शोभतं." दिवेही पिवळे होते आणि पडदे कायम ओढलेले. फोटोवाल्याने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते त्याला नको होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा तो दर आठवड्याला येऊन मागे उभा राहायचा. पुढच्या आठवड्यात रांगेत त्याला त्याची ताई दिसली. लाँड्रीतून तशीच आली होती, अंगात पांढरा एप्रन.

"अगं, तू इथे कशी?"

"डॉक्टर म्हणतात, कावीळ आहे, ॲडमिट व्हा. म्हटलं, आधी इथे बघू. स्क्रीन काय खोटं बोलतोय?"

तिला तिथेच हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं. पण तेव्हा आपलंही बिंग फुटलं असतं. त्याने मूग गिळले. दहा मिनिटांनी ताई उजव्या स्क्रीनवर टवटवीत दिसली आणि बाबांनी त्या फोटोची प्रत, बरं झाल्याचा दाखला म्हणून, तिच्या हातात ठेवली.

चार दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "दिवसभर झोपूनच असते रे. दवाखान्याचं नाव काढलं की तो फोटो नाचवते. आज पुन्हा बाबांकडे चल म्हणून हटून बसलीय."

फोटोवाला यंत्र घेऊन धावत सुटला. तो पोचला तेव्हा दोन्ही स्क्रीनवर ताईच होती. गर्दीतून वाट काढत तो व्यासपीठावर चढला आणि यंत्र आधी डाव्या काचेवर टेकवलं, मग उजव्या.

"हे स्क्रीन मी लावलेत! रंग मी बिघडवलेत! हे आकडे बघा!"

"आकडे म्हणे!" बाबा हसले. "श्रद्धेला मीटर लावतोय!" लोकही हसले. आकडे कुणाला कळणार?

मग त्याने दोन्ही स्क्रीनच्या केबली काढून एकीच्या जागी दुसरी लावली. 'नंतरची' ताई पिवळी झाली आणि 'आधीची' गोरी. पुढच्या रांगेतले लोक उठून बघू लागले.

"हा याचा हातचलाखीचा खेळ आहे!" बाबा ओरडले.

त्या दिवशीचाच एप्रन घालून आलेल्या, खुर्चीत कलंडलेल्या ताईने डोळे किलकिले केले. वीस वर्षं तिने पांढऱ्या कपड्यांनाच इस्त्री केली होती.

"थांबा हो," ती हळूच म्हणाली. "फोटोतला माझा एप्रनपण पिवळा झालाय. त्याला कधी झाली कावीळ?"

कुणीतरी खुदकन हसलं, पण ते हसू तिथेच विरलं. तिला घेऊन आलेल्या भाऊजींनी सर्रकन पडदे उघडले. उन्हात एप्रन पांढराशुभ्र होता आणि ताईचे डोळे पिवळेजर्द. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे धडधाकट दीडशे माणसांना कावीळच दिसत नव्हती. बाबा मागच्या दाराने सटकले.

ताई सतरा दिवस दवाखान्यात होती. थोडक्यात वाचली. एके दुपारी तिने विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी आजारी पडले म्हणून तुझी वाचा फुटली. तो टॅक्सीवाला कुणाचा भाऊ नव्हता का रे?"

त्याच संध्याकाळी तो बाबांकडे आलेल्यांचे पत्ते शोधायला निघाला. ज्यांच्याकडे गेला त्यांना खिडकीपाशी नेऊन म्हणाला, "आरशात डोळे बघा आणि उद्याच रक्त तपासून घ्या." काहींनी शिव्या घातल्या. त्या त्याने ऐकून घेतल्या.

टॅक्सीवाल्याचं दार त्याच्या बायकोने उघडलं. घरात सामसूम होती. भिंतीवर उजव्या स्क्रीनवरचा तो फोटो चौकटीत लावलेला होता.

"मागच्याच आठवड्यात गेले," ती म्हणाली. "पण बघा ना, जाताना किती तजेला होता चेहऱ्यावर. बाबांची कृपा."

हो म्हणून परत फिरता आलं असतं.

"बाई, तो रंग मी लावलेला होता," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. स्क्रीन, दिवे, पडदे, केबली, काहीच वगळलं नाही.

ती फोटोजवळ जाऊन उभी राहिली.

"दीडशे माणसं होती तिथे. पडदा उघडा असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही?"

"नाही वाटलं. मला तर माहीत होतं, तरी मी म्हणालो नाही. आता जिथे जातो तिथे एवढंच सांगतो, बाई. कुणी चमत्कार दाखवायला लागलं की आधी उठून पडदा उघडा."

तिने फोटो भिंतीवरून काढला, त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.